सुभेदारांनी दिलेला खोटा रिपोर्ट

रविवार, ११ जानेवारी. सकाळचं संकलन आटोपल्यावर, दूध संस्थेचा वरचा हॉल. हजर: चेअरमन अण्णा आणि सगळे संचालक, जनावरांचे डॉक्टर, माजी सैनिक संघटनेची माणसं, गावातले साधारण शंभर पुरुष. दाराजवळ बायका, त्यात सुभेदारांची सून सुवर्णा, डोक्यावरून पदर. सुभेदारांचा मुलगा सुट्टी काढून आलेला, पहिल्या खुर्चीवर. सभेची नोंद घ्यायला मी, संस्थेची सेक्रेटरी.

विषय एकच होता. कैलासवासी सुभेदार आबांना श्रद्धांजली.

सहा जण बोलले. मी सगळं लिहून घेतलं. देशसेवा झाली, शिस्त झाली, वक्तशीरपणा झाला. आबांच्या दुधाला कधी कमी फॅट लागली नाही, हेही एकानं सांगितलं. डॉक्टर म्हणाले की जनावराची काळजी कशी घ्यावी हे आबांकडून शिकावं. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून सभा संपली. ज्या गोष्टीसाठी गेली चार वर्षं सगळं गाव आबांना ओळखत होतं, तिचा उल्लेख सहा भाषणांत एकदाही आला नाही. सातवं भाषण माझं होऊ शकलं असतं. अण्णांनी विचारलंही, "सेक्रेटरी, तुमी दोन शब्द?" मी हातातलं पेन दाखवलं आणि नोंद घेतेय अशी खूण केली.

खाली उतरताना सुवर्णानं मला गाठलं. म्हणाली, "काकी, कुणीच बोललं न्हाई की ओ."

मी चपला शोधत राहिले.

"मग लिहा तरी तुमी," ती म्हणाली. "माझं नाव बदला आणि सगळं लिहा."

म्हणून हे लिहिते आहे. सुवर्णा हे तिचं नाव नाही. बाकी सगळं जसं घडलं तसं.

आमचं गाव कुंडलपासून फार लांब नाही. ऊस, थोडी द्राक्षं, आणि दर दोन घरांआड एक तरी पोरगा फौजेत. त्यामुळं सुभेदार ही आमच्याकडे नवलाची गोष्ट नव्हे. पण आबा रिटायर झाले तरी त्यांच्यातला सुभेदार रिटायर झाला नव्हता. थंडी असो नसो, दिवाळीपासून शिमग्यापर्यंत अंगात फौजेचा हिरवा स्वेटर, कोपरांवर ठिगळं. किटली उजव्या हातात धरायची नाही, कारण उजवा हात सलामीचा. रांगेत पुढच्या माणसापासून हातभर अंतर. कुणी मध्ये घुसलं तर त्याच्याशी भांडायचे नाहीत, नुसते म्हणायचे, "मागं जागा हाय, गड्या." आणि माणूस मागं जायचा.

प्रत्येक गोष्टीचा त्यांना रिपोर्ट लागे. पावसाचा रिपोर्ट, ऊसतोडीचा रिपोर्ट, माझ्या सासऱ्यांच्या गुडघ्याचा रिपोर्ट. "रिपोर्ट खरा पायजे," हे त्यांचं पालुपद. "वाईट असला तरी चालंल. खोटा असला की पुढची सगळी पलटण खड्ड्यात."

त्यांच्या पत्नी, ताराकाकी, छातीच्या कॅन्सरनं गेल्या. हे वाक्य मी आत्ता सहज लिहिलं. त्या गेल्या तेव्हा गावात कुणीही असं म्हटलं नव्हतं. 'पोटाचं काहीतरी' असं सगळे म्हणत होते, मीही म्हणत होते. बाईच्या दुखण्याला आमच्याकडे पोट ही सोयीची जागा आहे.

ताराकाकी गेल्यानंतर महिनाभरानं आबा पुन्हा डेअरीत दूध घेऊन आले. दूध घातलं, पावती घेतली, पण गेले नाहीत. काट्याशेजारच्या मोकळ्या जागेत सावधानमध्ये उभे राहिले आणि परेडच्या आवाजात म्हणाले, "गडी माणसांनी ऐकायचं. बायामाणसांनी बी ऐकलं तर चालंल."

बाळू नावाचा एक थट्टेखोर रांगेत होता. तो म्हणाला, "आबा, सावधान तर झालाच, आता सलामी कुणाला द्यायची?"

लोक हसले. आबा हसू ओसरायची वाट बघत थांबले, आणि मग बोलले. त्यांचं ते बोलणं मला जवळजवळ पाठ आहे, कारण पुढं ते कितीदा तरी ऐकलं.

"माझ्या म्हशीला दगडी झाली हुती. भर दुपारी धार काढाया बसलो, हाताला कासंत गाठ लागली. तसाच उठलो, गाडी काढली, पलूसहून डॉक्टर आणला. मंडळी शेजारी गरम पाण्याची बादली घिऊन उभी. म्हस बरी झाली. त्याच टायमाला मंडळीच्या छातीत गाठ हुती. मला आठ महिन्यांनी कळलं, गाठ फुटल्यावर. मी इचारलं, का गं बोलली न्हाईस? तर मला म्हणाली, म्हशीला कुठं सांगावं लागतं. तुमचा हात रोजच्या रोज असतोय तिच्यावर."

एवढं बोलून ते थांबले. मशीनवरचा पोरगा फॅट लावायचा थांबला होता. आबा पुढं म्हणाले, "म्हणून सांगतो. तुमच्या घरात बायको हाय, आई हाय, भैन हाय. इचारा. गाठ हाय का, इचारा. लाज वाटंल. वाटू द्या. मिरजंला घिऊन जा. ह्याला स्तनाचा कॅन्सर म्हणत्यात. लवकर गेलं तर माणूस वाचतंय, असं डॉक्टर मला सांगत हुता, पर मी उशिरा गेलो हुतो. रिपोर्ट संपला."

'स्तनाचा' हा शब्द त्यांनी नव्या रायफलीचं नाव शिकवावं तसा तोडून, स्पष्ट उच्चारला. पुरुष काट्याकडे बघायला लागले. बायकांनी पदर ओढले आणि किटल्या उचलून भिंतीकडे सरकल्या. मी मान खाली घालून पावत्या फाडत होते, त्या दिवशी दोन पावत्या चुकल्या. मला ताराकाकींचं वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं ते वेगळंच. म्हाताऱ्यानं बायकोची तुलना म्हशीशी केली, तीही चारचौघांत. आणि त्याहून मोठी लाज याची, की तुलना बरोबर होती. आमच्या गावात दगडी झालेली म्हैस दुपारपर्यंत औषधाविना राहत नाही.

त्यानंतर आबा दर आठवड्याला एकदा तरी बोलत. संकलन संपायच्या सुमारास उभे राहत. लोकांनी त्यांचं नाव 'गाठवाले सुभेदार' ठेवलं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाले, "नाव ठेवलं म्हंजे विषय ध्यानात हाय."

मग बायका संध्याकाळच्या रांगेत यायच्या कमी झाल्या. घरातल्या पोरांच्या हाती किटल्या येऊ लागल्या. अण्णा मला म्हणाले, "सेक्रेटरी, सुभेदाराला तुमीच सांगा. बाईनं सांगितलं की ऐकंल त्यो."

मी सांगितलं. नीट मुद्देसूद सांगितलं, मला तशी सवय आहे. संस्थेची जागा, संस्थेचं काम, सभासद महिलांची गैरसोय.

आबांनी विचारलं, "कुणाची तक्रार हाय? नावं सांगा."

"सगळ्यांचीच आहे, आबा."

"सगळ्यांची म्हंजे कुणाचीच न्हाई. तुमची हाय का?"

मी हो म्हणाले.

"बरं. खरा रिपोर्ट दिला, चांगलं झालं." ते दाराबाहेर गेले, तीन पायऱ्या उतरले आणि रस्त्यावर उभे राहून आत बघत म्हणाले, "सेक्रेटरी, पायरीच्या खाली संस्थेची हद्द संपती ना?"

संपत होती. त्या दिवसापासून ते रस्त्यावरून बोलू लागले. आवाज आत पूर्वीपेक्षा जास्त यायचा.

आबा फक्त बोलतच होते असं मात्र नव्हे. लोक हसायचे आणि मग एकेकटे त्यांच्या रानात जायचे. पहिला गेला तो बाळूच. उसाच्या कडेनं लांबून वळसा घालून गेला, कुणाला दिसू नये म्हणून. त्याच्या आईच्या काखेत गाठ होती. आबा दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एसटीनं त्या दोघांना घेऊन मिरजेला गेले. मिरजेच्या दवाखान्यात कोणत्या खिडकीला आधी जायचं, कुठं बसायचं, रिपोर्ट कुठं मिळतो, हे त्यांना ताराकाकींच्या वेळेपासून माहीत होतं. सोबत चहाचा थर्मास, गूळशेंगा, आणि एक जादा पातळ शाल, बाईला आत अंगावर घ्यायला. डॉक्टरांनी हाक मारली की बाळूसारखे पुरुष बाहेरच थांबायचे. आबा त्यांचा दंड धरून आत ढकलायचे. "बाहेर थांबाया मी हाय. तू आत जा. बघ, ऐक, आणि मग मला रिपोर्ट दे."

बाळूची आई बरी आहे. बाळूनं त्यानंतर थट्टा बंद केली असं नाही. फक्त आबा रस्त्यावर बोलायला उभे राहिले की तो आतून बाहेर यायचा आणि बिडी पेटवून त्यांच्या शेजारी उभा राहायचा.

आता सुवर्णाचं.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी ती पेंडीची पावती घ्यायला आली. ऑफिसात मी एकटीच होते. पावती घेतली तरी जाईना. मी म्हटलं, "काय गं, आणखी काही?"

ती म्हणाली, "काकी, मला गाठ लागतीय."

कुठं, ते विचारायची गरज नव्हती. तिनं हात तिकडं नेलाही नाही, पदर नुसता घट्ट केला.

"किती दिवस झाले?"

"संक्रांतीपासनं."

मी म्हटलं, "अगं, तुझ्या घरात तर आबा आहेत. सगळ्या गावाला मिरजेला नेतात ते. तू त्यांना नाही सांगितलंस?"

तिचं उत्तर ऐकून मी हातातली पावतीपुस्तकं बाजूला ठेवली. "त्यांना कसं सांगू? उद्या रस्त्यावर उभं राहून सांगतील, माझ्या सुनंला बी झालंय म्हणून. आत्तीची गोष्ट सगळ्या गावाला तोंडपाठ हाय. आत्ती गेल्या, त्यांना काय. मला इथं जगायचंय. ह्यांना फोनवर सांगितलं तर ते म्हणतील आबांना सांग. म्हणून कुणालाच न्हाई सांगितलं."

ताराकाकी बोलल्या नाहीत कारण कुणी विचारलं नाही. ही बोलली नाही कारण तिचा सासरा सगळ्यांना विचारत होता.

मी तिला तिथंच बसवून आबांच्या गोठ्यावर गेले. ते म्हशीला पाणी दाखवत होते. मी शक्य तितक्या थोडक्यात सांगितलं. त्यांनी बादली खाली ठेवली.

"हाताला लागतीय? किती दिस झालं?" हे त्यांनी नेहमीच्या आवाजात विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाले, "घरात ऱ्हातीय माझ्या. भाकरी वाढती मला रोज. आणि तुमाला सांगाया आली?"

"माझ्यामुळं बोलली न्हाई ना, सेक्रेटरी? खरा रिपोर्ट द्या."

"तिला लाज वाटली, आबा. तुम्ही रस्त्यावर सांगाल अशी भीती वाटली."

त्यांनी स्वेटरची बाही ओढून खाली केली, पुन्हा वर केली. उन्हाळ्यात तो स्वेटर त्यांच्या अंगात का होता, कोण जाणे. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिची ऑर्डर काय हाय?"

"कुणाला सांगायचं नाही."

"मग न्हाई सांगणार."

दुसऱ्या दिवशी ते दोघं मिरजेला गेले. मीही गेले, कारण या वेळी आत ढकलायला नवरा जवळ नव्हता आणि सासऱ्याला आत जाता येत नव्हतं. ते बाहेर बाकावर थर्मास घेऊन बसले. शाल त्यांनी माझ्या हातात दिली. तपासण्या झाल्या, चार दिवसांनी पुन्हा गेलो. कॅन्सर होता, पण लहान होता, पसरलेला नव्हता. ऑपरेशन होईल, नंतर औषधं होतील, बाई बरी होईल, असं डॉक्टर स्वच्छ म्हणाले. मी बाहेर येऊन ते आबांना सांगितलं. ते उठून उभे राहिले. वाटलं, आता काहीतरी बोलतील. पण सुवर्णा मागून येत होती, म्हणून ते नुसते म्हणाले, "च्या घ्या गरम हाय तवर."

ऑपरेशनला तिचा नवरा दहा दिवसांची सुट्टी काढून आला आणि परत गेला. गावात सांगितलं, माहेरी गेलीय. औषधं सुरू झाल्यावर मात्र केस गळाले. पदर डोक्यावरून कितीही ओढला तरी कपाळावरचं लपेना. डेअरीत कुजबुज सुरू झाली. एका संध्याकाळी, रांग भरलेली असताना, अण्णांनीच विचारलं, "सुभेदार, सुनंचं काय हो? लय खराब झालीय पोरगी."

आबांनी किटली डाव्या हातातून उजव्या हातात घेतली.

"टायफॉईड झालाय," ते म्हणाले.

"टायफॉईडनं केस गळत्यात व्हय?"

"गळत्यात."

बाळूनं त्यांच्याकडे पाहिलं. मिरजेला चार महिने आईबरोबर फिरलेला माणूस तो, त्याला काय ते कळलं असणार. तो नेहमीच्या सुरात म्हणाला, "गळत्यात की. माझ्या मामाचं सगळं गेलं हुतं टायफॉईडनं. नुसता नारळ झाला हुता." लोक हसले आणि रांग पुढं सरकली.

आबांनी दूध घातलं. माझ्या खिडकीशी पावती घ्यायला आले तेव्हा त्यांनी वर पाहिलं नाही. हळू म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा खोटा रिपोर्ट दिला, सेक्रेटरी. त्यो बी युनिटसमोर."

त्यानंतर ते रस्त्यावर उभे राहिले नाहीत. दूध घालायचं, पावती घ्यायची, चालू लागायचं. लोकांना दोन-तीन आठवड्यांनी ते जाणवलं. "सुभेदार थंड झालं," कुणी म्हणालं. "पेन्शन वाढली आसंल," दुसरा म्हणाला. बायका पुन्हा संध्याकाळी येऊ लागल्या. अण्णा मला म्हणाले, "बघा, तुमी सांगितल्यालं शेवटी ऐकलंच की." मी नाही म्हणाले नाही. सगळं माहीत असूनही गप्प बसणं हे तेव्हा माझं काम होतं, असं मी मला सांगत होते. पण खरं सांगायचं तर मला ती शांतता बरी वाटत होती. पावत्या चुकत नव्हत्या.

सुवर्णाची औषधं दिवाळीच्या आसपास संपली. केस येऊ लागले.

डिसेंबरच्या शेवटी आबा एका दुपारी, सकाळी विसरलेली किटली न्यायला म्हणून, ऑफिसात आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. मिरजेच्या डॉक्टरांच्या मागं लागून त्यांनी तपासणीची गाडी गावात आणायचं ठरवलं होतं. गाडीत मशीन असतं, बायकाच तपासणाऱ्या असतात, शाळेच्या मैदानात उभी राहील. दिवसही ठरला होता. फुकट होतं. फक्त गावाला सांगायचं राहिलं होतं.

"भोंग्यावर सांगा," ते म्हणाले. संस्थेचा भोंगा छपरावर आहे. पशुखाद्याची गाडी आली, लसीकरण आहे, बिल वाटप आहे, हे सगळं मीच त्यावरून सांगते. सकाळी त्याचा आवाज थेट मळ्यापर्यंत जातो.

मी म्हटलं, "तुम्हीच सांगा की, आबा. तुमचा आवाज..."

"माझ्या तोंडून आता निघत न्हाई. जिथं खोटं बोललो तिथंच उभं राहून खरं कसं सांगू? आणि खरं सांगाया गेलो तर सून डोळ्यापुढं येती." मग म्हणाले, "माझंच चुकलं बघा. मी गड्यांना सांगत ऱ्हायलो. आवाज गड्याचा, गोष्ट बायकांची. घरातली पोरगीसुदिक भ्यायली. बाईच्या आवाजात जाऊ द्या एकदा. तुमचा आवाज समद्या घरात रोज जातोय. तुमी पेंड आली म्हणून सांगता तसंच सांगायचं. शब्द मातर सरळ घ्यायचा, पोट म्हणायचं न्हाई."

मी म्हटलं, सांगेन.

"लिहून घ्या," ते म्हणाले, आणि मी लिहून घेईपर्यंत थांबले. मग बाहेर गेले. खिडकीतून दिसलं, तीन पायऱ्या उतरून रस्त्यावर ते क्षणभर उभे राहिले, पूर्वी बोलायचे तिथंच. दारात गिऱ्हाईक नव्हतं, रांग नव्हती. त्यांनी स्वेटर खाली ओढून सरळ केला आणि किटली डाव्या हातात घेऊन घराकडे गेले. त्या जागी मला दिसलेले आबा तेच शेवटचे. आठवड्याभरानं झोपेतच गेले.

आज सोमवार आहे. गाडी गुरुवारी यायची आहे. शाळेच्या मैदानाची परवानगी घेतली, मुख्याध्यापकांना दोन खोल्या रिकाम्या ठेवायला सांगितलं, पडदे आणि पाण्याची सोय केली, गाडीला विजेची जोडणी कुठून द्यायची ते वायरमनला दाखवलं. सुवर्णा म्हणाली की ती दारात बसून बायकांना आत सोडेल, पदर मागं घेऊन. तिनं हे म्हटलं तेव्हा मी तिच्याकडे नीट बघू शकले नाही.

मजकूर चार ओळींचा आहे. ऑफिसात दार लावून मी तो मोठ्यानं वाचून पाहिला. तिसऱ्या ओळीवर आवाज आपोआप खाली येतो. माझे सासरे त्या वेळी शेजारच्याच आमच्या अंगणात चहा पीत असतात, भोंगा त्यांच्या डोक्यावरच वाजतो. अण्णा काट्याशी उभे असतात. हे सगळं मी स्वतःला कारण म्हणून सांगते, आणि ते कारण नाही हेही मला माहीत आहे.

आज सकाळी भोंगा सुरू केला. सरकी पेंड आली आहे, सभासदांनी पावती दाखवून उचलावी, असं दोनदा सांगितलं. मग कागद पुढं घेतला. खोकले. आणि बटण बंद केलं.

संध्याकाळचं संकलन सहाला सुरू होतं. घोषणा अजून झालेली नाही.